कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

बीड जिल्ह्यात पावसाइतकेच पावसाच्या आकड्यालाही महत्त्व असते. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस नोंदला गेला, की ती अतिवृष्टी ठरते आणि पंचनाम्याचा मार्ग मोकळा होतो. उलट बाजूस, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा बीडच्या अकरा तालुक्यांपैकी वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तीनच त्या यादीत होते. पुढे नोव्हेंबरमध्ये राज्यातील आणखी १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. तिची कसोटी आकड्यांचीच होती : जून ते सप्टेंबर या काळातील पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी. या कसोटीत बसलेल्या मंडळांना जमीन महसुलात सूट, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत, पीककर्जाचे पुनर्गठन अशा गोष्टी मिळाल्या. विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्कही माफ झाले. म्हणजे पर्जन्यमापकातला आकडा आपल्या वर्गाच्या हजेरीपटापर्यंत येऊन पोहोचतो.

हे आकडे आज संकेतस्थळांवर पाहता येतात. राज्याच्या कृषी विभागाचे पर्जन्यमानाचे संकेतस्थळ आहे, कृषी पणन मंडळ रोजचे बाजारभाव देते. शासनाचे निर्णय मूळ नोंदींवर होतात हे खरे; पण शेतकरी, वार्ताहर, विद्यार्थी, ग्रामसभेत प्रश्न विचारणारा तरुण, या सर्वांच्या हाती येतो तो वेबपानावरचा आकडा. रोज पान उघडून शेकडो ओळी उतरवून घेणे कंटाळवाणे असते. म्हणून संगणक शिकवणाऱ्या वर्गांतून एक सोपा उपाय सांगितला जातो : पानाचा पत्ता द्या, हवा तो तक्ता निवडा, वेळ ठरवून द्या, पुढचे सारे यंत्र करील. या कामाच्या यंत्रणेला 'कनेक्टर' म्हणतात आणि आकड्यांचा प्रवास जिच्यातून होतो त्या साखळीला 'डेटा पाइपलाइन'. हा उपाय कितपत विश्वासार्ह आहे, हे या लेखात आम्ही तपासणार आहोत. आमचा आक्षेप यंत्राला नाही. यंत्राला आकडा मिळतो, परंतु त्या आकड्याचा अर्थ मागेच राहतो आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही, हा आमचा आक्षेप आहे.

कनेक्टर काय करतो?

विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घेऊ. पाइपच्या तळाशी पाण्यात एक जाळीदार झडप असते. तिचे नाव फूटव्हॉल्व्ह. शेतकरी तिला सर्रास 'फुटबॉल' म्हणतात. जाळी पाला आणि गोटे अडवते, झडप पाइपमधले पाणी परत विहिरीत जाऊ देत नाही. पाइप कितीही भारी घेतला आणि मोटार कितीही अश्वशक्तीची असली, तरी जाळी फाटलेली असेल तर शेतात गाळ जातो. पाइपलाइनच्या तळाशी असलेला कनेक्टर म्हणजे हीच जाळी.

त्याच्या कामाचे पाच टप्पे पाडता येतील. पहिला, मागणी : ठरल्या वेळी तो संकेतस्थळाच्या संगणकाकडे पान मागतो. दुसरा, शोध : आलेल्या पानातून आपल्याला हवा असलेला भाग ओळखतो. वेबपान आपल्याला तक्ता म्हणून दिसते. यंत्राला मात्र ती खुणांनी भरलेली एक लांबलचक अक्षरमाला असते. इथे ओळ सुरू, इथे रकाना सुरू, इथे रकाना संपला, अशा त्या एचटीएमएलच्या खुणा असतात. 'पानावरचा दुसरा तक्ता, त्यातला चौथा स्तंभ' अशी सूचना आपण यंत्राला दिलेली असते आणि ते खुणा मोजत तिथपर्यंत जाते. तिसरा टप्पा उताऱ्याचा : खुणा गाळून मधला मजकूर घ्यायचा. चौथा रूपांतराचा : '१२.४' ही अक्षरे होती, त्यांची संख्या करायची. '०५/०७/२०२३' ही अक्षरे होती, त्यांची तारीख करायची. पाचवा साठवणुकीचा.

हे वाचताना शिक्षकांच्या ध्यानात आले असेल, की पहिल्या तीन टप्प्यांना आकड्याचा अर्थ कळण्याची काहीच गरज नाही. अर्थाचा प्रश्न येतो तो चौथ्या टप्प्यात, आणि सोप्या उपायात नेमका तोच टप्पा यंत्राच्या मर्जीवर सोडलेला असतो. ०५/०७ म्हणजे पाच जुलै की सात मे? आपल्याकडे पाच जुलै. अमेरिकी पद्धतीवर बेतलेल्या संगणकाच्या लेखी सात मे. २५/०७ आले की त्याला पंचविसावा महिना सापडत नाही, म्हणून ते एकतर अडखळते किंवा गुपचूप दुसरी पद्धत धरते. अशा रीतीने एकाच महिन्यातले पहिले बारा दिवस वर्षभर विखुरले जातात आणि उरलेले जागच्या जागी राहतात.

बीड, बिड, भीर

पहिली अडचण नावांची. १९०८ च्या सुमाराच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये या जिल्ह्याचे इंग्रजी लेखन 'भीर' असे वाचले जाईल असे आहे, आणि महाराष्ट्र शासनाच्या १९६९ च्या गॅझेटियरनेही तेच ठेवले. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी लेखन 'बिड' असे होते, तर कार्यालयांच्या पाट्यांवर दीर्घ 'बीड'. गेवराई, केज, माजलगाव यांचीही इंग्रजीत दोन-तीन रूपे सापडतात. अंबाजोगाईला कोणी अंबेजोगाई लिहितो, आणि निजामाच्या काळातील कागदांत तेच गाव मोमिनाबाद या नावाने येते.

मराठीत लिहिले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तरी 'माजलगांव' हे रूप कागदोपत्री अजून भेटते. वाचणाऱ्याला गाव आणि गांव एकच. यंत्राला ती दोन वेगळी गावे. याहून सूक्ष्म गोष्ट युनिकोडची. 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते : एका स्वतंत्र क्रमांकाने, किंवा 'र' अधिक खालचा नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात. यंत्राने दोन्हींना आधी एका रूपात आणले नाही, तर एकाच शब्दाच्या दोन प्रती त्याला जुळत नाहीत. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये तयार झालेल्या पीडीएफ फायली तर आणखी कठीण. तिथे डोळ्याला मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ असते.

उलटा घोटाळाही होतो : नाव एक, गावे दोन. आष्टी तालुका बीडमध्ये आहे, तसाच वर्धा जिल्ह्यातही आहे. शिरूर म्हटले की पुण्याचे शिरूर, लातूरचे शिरूर अनंतपाळ आणि आपले शिरूर कासार. तक्त्यात जिल्ह्याचे नाव वर मथळ्यात एकदाच छापलेले असते आणि खाली फक्त तालुक्यांची नावे येतात. माणूस वरचा मथळा मनात धरून खाली वाचतो. कनेक्टर ओळी उचलतो आणि मथळा तिथेच सोडतो. मग वर्ध्याच्या आष्टीचा पाऊस बीडच्या आष्टीत पडतो. प्रत्यक्षात बीडची आष्टी बालाघाटाच्या पश्चिमेकडील कोरड्या पट्ट्यातली आणि वर्धा विदर्भातले. दोघांच्या पावसाची तुलनाच होऊ शकत नाही.

त्यातच २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. हे तिन्ही शेजारी जिल्हे बीडला लागूनच आहेत. नावावर विसंबलेल्या पाइपलाइनमध्ये एक जिल्हा अचानक संपतो आणि दुसरा अचानक जन्मतो.

यावर उपाय जुना आहे : नावाऐवजी क्रमांक. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याचा क्रमांक ५२३ आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला क्रमांक आहे; मात्र ती मालिका निराळी आहे, म्हणून कोणता क्रमांक कोणत्या मालिकेतला हेही लिहावे लागते. वेबपानावरील तक्त्यात नावाच्या शेजारी असा एक स्तंभ दिला, तर वरील सर्व परिच्छेद अनावश्यक ठरेल. तो देण्यास खर्च जवळजवळ नाही. म्हणूनच अशा क्रमांकांविना तक्ता प्रसिद्ध करण्याच्या प्रथेला आम्ही दोष देतो.

एक पान, तीन उत्तरे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. राज्य शासनाच्या 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. अशी केंद्रे उघड्यावर काम करतात. बॅटरी उतरते, मोबाइलचा संपर्क तुटतो, तारा कुरतडल्या जातात. त्या दिवशीचा पाऊस 'शून्य' नसतो. तो 'माहीत नाही' असतो. तक्त्यात मग कोरा रकाना, आडवी रेघ, किंवा कधी कधी चक्क शून्य येते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. समजा, ऑगस्टमधील २१ दिवसांपैकी पहिले नऊ दिवस आणि शेवटचे नऊ दिवस एका मंडळात पाऊस २.५ मिलिमीटरहून कमी होता. मधले तीन दिवस केंद्र बंद होते. खंड किती दिवसांचा?

कोऱ्या रकान्याला शून्य मानणारा कनेक्टर म्हणेल : सलग २१ दिवस. कोऱ्या ओळी गाळून उरलेल्या एकमेकींना जोडणारा म्हणेल : १८ दिवस. आडव्या रेघेला 'कोरडा दिवस नव्हे' असे समजणारा म्हणेल : खंड मोडला, नऊ-नऊ दिवसांचे दोन तुकडे झाले. पान एकच, उत्तरे तीन. पहिल्या उत्तराने तीन आठवड्यांचा खंड सिद्ध होतो, तिसऱ्याने तो मुळातच नाही. खरे उत्तर यांपैकी कोणतेच नाही. खरे उत्तर असे : खंड कमीत कमी नऊ आणि जास्तीत जास्त २१ दिवसांचा, तीन दिवसांविषयी या केंद्रावरून काही सांगता येत नाही, तहसीलचा पर्जन्यमापक आणि शेजारची मंडळे पाहावीत.

ही अतिशयोक्ती नाही, हे पाहण्यासाठी शाळेतल्या संगणकावर स्प्रेडशीट उघडावे. एक घर कोरे ठेवावे, दुसऱ्यात आडवी रेघ टंकावी. 'इफ' या सूत्राने प्रत्येकाला विचारावे : यातील मूल्य २.५ हून कमी आहे काय? कोऱ्या घराचे उत्तर 'होय' येते, कारण तुलना करताना कोऱ्याला शून्य मानले जाते. रेघेचे उत्तर 'नाही' येते, कारण तिथे अक्षर हे कोणत्याही संख्येहून मोठे मानण्याचा संकेत आहे. आता 'काउंटइफ' या सूत्राने दोन्ही घरांतील २.५ हून कमी असलेली मूल्ये मोजावीत. उत्तर शून्य, कारण हे सूत्र कोरे घरही मोजत नाही. एकच 'माहीत नाही', आणि एकाच प्रणालीत ते कधी कोरडा दिवस ठरते, कधी ओला, तर कधी दिसेनासे होते. यात कोणाचा लबाडीचा हेतू नाही. हे त्या सूत्रांचे ठरलेले वागणे आहे, आणि ते ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती आपण शासनाशी वाद घालण्याचा पुरावा देत आहोत.

टक्केवारीतही हेच होते. समजा, एका मंडळाची जून ते सप्टेंबरची सरासरी ६०० मिलिमीटर आहे. ७५ टक्के म्हणजे ४५०. नोंदलेली बेरीज ४४५ आली, म्हणजे ७४.२ टक्के, मंडळ कसोटीत बसले. पण चार दिवस केंद्र बंद होते, आणि त्या दिवसांत दहा मिलिमीटर पाऊस झाला असेल तर बेरीज ४५५, म्हणजे ७५.८ टक्के, मंडळ बाहेर. बेरजेखाली 'चार दिवसांची नोंद नाही' ही टीप नसेल, तर ४४५ हा आकडा त्याच्या अंगी नसलेली अचूकता मिरवतो.

हा प्रश्न शासनापुढेही आलेला आहे. जुन्या मंडळांचे विभाजन होऊन जी नवी मंडळे झाली, त्यांतील अनेक ठिकाणी पर्जन्यमापकच नव्हते. आकडा नाही म्हणून ती मंडळे १०२१ च्या यादीत येऊ शकली नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा आणखी २२४ मंडळांचा समावेश करण्यात आला. इथे माणसांनी थांबून विचार केला, की मापक नसणे म्हणजे पाऊस पुरेसा असणे नव्हे. कनेक्टर असा विचार आपण होऊन करणार नाही. तो विचार त्यात आधी लिहून ठेवावा लागतो.

शून्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा तराजूसारखी एक छोटी दुहेरी वाटी असते. ठरावीक पाणी भरले की ती उलटते आणि एक नोंद होते. नरसाळ्यात पाला किंवा घरटे अडकले तर वाटी उलटत नाही आणि धो धो पावसात यंत्र प्रामाणिकपणे शून्य लिहिते. भोवतालच्या पाच मंडळांत ४० मिलिमीटर आणि मध्येच एक शून्य दिसले, तर तपासणीची खूण करणे हे चांगल्या कनेक्टरचे काम आहे. तो आकडा स्वतः बदलणे मात्र त्याचे काम नव्हे. उत्तरेकडचा गोदाकाठ आणि बालाघाटावरचे पठार यांचा पाऊस खरोखरच निराळा असू शकतो.

दिवस कोणता, सरासरी कोणती?

हवामान विभागाच्या पद्धतीत पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. सतरा तारखेपुढे लिहिलेला पाऊस हा सोळाच्या सकाळी साडेआठपासून सतराच्या सकाळी साडेआठपर्यंतचा. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात सिंदफणा आणि तिच्या शेजारच्या नद्यांना मोठे पूर आले. अशा वेळी संध्याकाळी कोसळलेला पाऊस तक्त्यात दुसऱ्या दिवशीच्या तारखेला दिसतो. स्वयंचलित केंद्राच्या तासातासाच्या नोंदी मध्यरात्र ते मध्यरात्र अशा बेरजेने घेतल्या आणि शेजारी तहसीलचा आकडा ठेवला, तर दोन्ही बरोबर असूनही जुळणार नाहीत. एखादा ७० मिलिमीटरचा पाऊस मध्यरात्रीच्या रेषेने ४० आणि ३० असा दुभंगला, तर ६५ ची कसोटी कागदावर हुकते.

सरासरीचेही तसेच. १९६१ ते २०१० या काळावरून काढलेली देशाची मोसमी पावसाची सरासरी ८८०.६ मिलिमीटर होती; २०२२ मध्ये हवामान विभागाने १९७१ ते २०२० या काळावरून काढलेली ८६८.६ ही सरासरी स्वीकारली. पाऊस तेवढाच राहूनही टक्केवारी बदलली. बीड जिल्ह्यासाठी जुन्या कागदांत ६६६.३६ मिलिमीटर ही वार्षिक सरासरी सर्वत्र दिसते. एखाद्या पानावर 'सरासरीच्या ८० टक्के' एवढेच उतरवून घेतले, तर ती सरासरी कोणत्या वर्षांची, वार्षिक की फक्त चार महिन्यांची, हे पाच वर्षांनी सांगता येणार नाही. म्हणून टक्केवारी साठवू नये. पाऊस आणि सरासरी ही दोन्ही साठवावीत, भागाकार नंतरही करता येतो.

बाजारभावांच्या पानाचा धडाही थोडक्यात पाहू. पणन मंडळाच्या तक्त्यात जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे स्तंभ असतात. जात ठाऊक नसेल तिथे तीन रेघा येतात. धान्याचे परिमाण क्विंटल, तर पालेभाज्यांपुढे 'नग' दिसते. तारीख प्रत्येक ओळीत नसते. ती मध्ये एका स्वतंत्र ओळीत येते आणि तिच्याखालच्या सर्व ओळी त्या दिवसाच्या समजायच्या असतात. माणसाच्या डोळ्यासाठी ही मांडणी सुटसुटीत आहे. पण यंत्राने परिमाणाचा स्तंभ अनावश्यक समजून टाकला, तर मेथीच्या जुड्या आणि कापसाचे क्विंटल एकाच बेरजेत जातात.

बिघाडाचा आवाज होत नाही

मोटार बंद पडली तर पाणी थांबते आणि शेतकऱ्याला कळते. कनेक्टर बिघडला तर पुष्कळदा काहीच थांबत नाही. संकेतस्थळाने तक्त्यात एक नवा स्तंभ मध्येच घातला, की 'चौथा स्तंभ' ही सूचना पावसाऐवजी तापमान उचलू लागते. दोन्ही दशांश अपूर्णांकच, ३१.५ मिलिमीटर पाऊस रोज पडतो आहे असे दिसत राहते. कधी 'सेवा तात्पुरती उपलब्ध नाही' असा मजकूर असलेले पान येते, पण त्यासोबत 'सर्व ठीक' असा संकेत-क्रमांक २०० असतो. यंत्र ते पान नेहमीचे समजून वाचायला घेते. कधी कालचेच पान पुन्हा येते आणि कालचा पाऊस दोनदा मोजला जातो. शिवाय काही आकडे आधी तात्पुरते प्रसिद्ध होतात आणि नंतर दुरुस्त होतात. एकदाच उचलून नेणाऱ्या कनेक्टरला दुरुस्ती कधीच कळत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते अवघड नाहीत. आलेले पान जसेच्या तसे, आणल्याच्या तारीख-वेळेसह जपून ठेवावे, म्हणजे वाद झाल्यास मूळ दाखवता येते. स्तंभ क्रमांकाने न ओळखता मथळ्याच्या शब्दांनी ओळखावा, आणि मथळा न सापडल्यास यंत्राने काम थांबवून कळवावे. बीडचे तालुके अकरा. ओळी दहा किंवा बारा आल्या तर तो दिवस स्वीकारू नये. मंडळ आणि तारीख या जोडीला एकच नोंद असावी. तीच नोंद पुन्हा आली तर ती वाढू नये, आणि बदललेली आली तर जुनी पुसून न टाकता दुरुस्ती म्हणून शेजारी ठेवावी. 'शून्य', 'नोंद नाही' आणि 'नोंद संशयास्पद' यांसाठी तीन वेगळ्या खुणा असाव्यात.

दुसरी बाजू

कोणी म्हणेल, हाताने उतरवणारा माणूस काय चुकत नाही? चुकतो. रात्री उशिरा शेकडो ओळी लिहिणारा कारकून १२.४ चे १४.२ करतो, आणि ती चूक कोणत्याही नियमात बसत नसल्याने शोधणेही कठीण. यंत्राची चूक नियमबद्ध असते, म्हणून सापडली की सगळीकडे एकदम दुरुस्त करता येते. हा यंत्राचा खरा फायदा आहे आणि तो आम्ही मान्य करतो. मात्र माणूस कोऱ्या रकान्यापाशी थबकतो आणि शेजारच्याला विचारतो, 'अहो, इथे काय लिहू?' हे थबकणे यंत्रात मुद्दाम घालावे लागते.

वेबपाने तयार करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर सारा दोष ढकलणेही न्याय्य नाही. पान लोकांनी पाहावे म्हणून त्यांनी ते बनवले आणि त्या कसोटीला ते उतरते. तथापि भारत सरकारचे माहिती-वाटपाचे राष्ट्रीय धोरण २०१२ चे आहे, आणि शासकीय माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात खुली करण्याची दिशा त्याने तेव्हाच दिली होती. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम माहिती आपणहून प्रसिद्ध करण्यास सांगते. तक्ता पानावर दाखवण्यासोबत त्याचीच साधी फाइल उतरवून घेण्याची सोय दिली आणि तीत क्रमांक, परिमाण, दिवसाची व्याख्या व नोंद नसल्याची खूण असली, तर पान खरवडण्याची गरजच उरत नाही. म्हणजे कनेक्टर हा नाइलाजाचा उपाय आहे. त्याला प्रगतीची खूण म्हणून मिरवू नये.

नाइलाज असला तरी रीत सोडू नये. यंत्रांनी कोणती पाने मागू नयेत हे सांगणारी 'रोबोट्स' नावाची फाइल संकेतस्थळावर ठेवण्याचा संकेत १९९४ पासून आहे. २०२२ मध्ये त्याला प्रमाणित रूप मिळाले. ती आधी वाचावी. दर मिनिटाला पान मागून सरकारी संगणकाला बेजार करू नये. दिवसातून एकदा बदलणाऱ्या आकड्यासाठी एकदोनदा विचारणे पुरे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकातून माहिती काढणे हे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात येते, हेही ध्यानात असावे. आणि लाभार्थ्यांच्या नावांच्या याद्या पानावर दिसतात म्हणून त्या गोळा करू नयेत. पाऊस सर्वांचा असतो. कर्जदाराचे नाव त्याचे एकट्याचे असते.

शाळेत करून पाहावे

या विषयाला मोठी साधने लागत नाहीत. जून ते सप्टेंबर यांपैकी एक महिना निवडावा. विद्यार्थ्यांचे तीन गट करावेत. पहिल्या गटाने आपल्या मंडळाचा पाऊस रोज पानावरून वहीत उतरवावा. रकाना कोरा असेल तर कोराच ठेवावा. दुसऱ्या गटाने तेच पान स्प्रेडशीटमधील 'इम्पोर्ट-एचटीएमएल' या सूत्राने आणून पाहावे. सूत्राला पानाचा पत्ता आणि कितवा तक्ता एवढेच सांगावे लागते. पान त्या पद्धतीचे नसेल तर काहीच येणार नाही, आणि का आले नाही हा चर्चेचा विषय होईल. तिसऱ्या गटाने शाळेच्या अंगणात, झाडे-भिंतींपासून दूर, सपाट बुडाचे सरळ डबे ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे. नरसाळे वापरले तर गोळा झालेले मिलिलिटर भागिले नरसाळ्याच्या तोंडाचे चौरस सेंटिमीटर, गुणिले दहा, म्हणजे पाऊस मिलिमीटरमध्ये.

महिनाअखेर तिन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात. आकडे जुळणार नाहीत. शाळेचा डबा आणि मंडळाचे केंद्र यांत काही किलोमीटरचे अंतर आहे, म्हणून तो फरक खरा असू शकतो. पण पहिल्या आणि दुसऱ्या गटाचे पान एकच होते. त्यांच्यात फरक आला तर तो पावसाचा नव्हे, वाचनाचा आहे. प्रत्येक फरकापुढे विद्यार्थ्यांनी कारण लिहावे : तारीख, नाव, परिमाण, की कोरा रकाना. आणि केंद्र बंद असल्याचा दिवस सापडला, तर तो दिवस आणि आपल्या डब्यातले माप लिहून तालुका कृषी कार्यालयास पत्र पाठवावे. हे पत्र विद्यार्थ्यांनीच लिहावे, आणि त्यात कोठेही 'शून्य' हा शब्द पाणी मोजल्याशिवाय वापरू नये.